उंच केलेल्या गाडीचा ब्रेक

१

माझी बायको विजयमाला उंबरेवाडीच्या उतारावर अपघातात गेली. गाडी माझी मुलगी रेश्मा चालवत होती. वळणावर गाडी वळलीही नाही आणि थांबलीही नाही. सरळ खाली जाऊन झाडाला अडकली. रेश्माचा हात मोडला. विजयमालाला वाडीतल्या लोकांनी घोंगडीत घालून वर आणलं, पण दवाखान्यापर्यंत ती पोचली नाही.

पोलिसांनी रेश्मावर गुन्हा नोंदवला. निष्काळजीपणे गाडी चालवून आईच्या मरणाला कारण झाली, असा.

रेश्माचं म्हणणं एकच होतं. "पप्पा, मी ब्रेक दाबला होता. पेडल खाली गेलं. गाडी थांबलीच नाही."

हे तिनं पोलिसांना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, दारावर आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. लोक मान हलवायचे आणि चहाचा कप खाली ठेवायचे. विश्वास कुणाचाच नव्हता.

माझी थोरली बहीण आक्काबाई तर दहाव्याच्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाली, "अगं पोरी, मानूस घाबरलं म्हंजी ब्रेक समजून दुसरंच दाबतं. हुती चूक. कबूल कर आन मोकळी व्हय. किती दिवस त्या गाडीला दोष देशील?"

"आक्का, गप बस," मी म्हणालो.

"मी गप बसंन रे श्रीमंता. लोकं बसतील का?"

रेश्मा उठून आत गेली. त्यानंतर ती ब्रेकचं नाव काढेना. मला हायसं वाटायला हवं होतं, पण उलटंच झालं. एका सकाळी मी तिला दूध द्यायला गेलो, तर ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "पप्पा, आत्या म्हणते तसंच असेल. मलाच आता नीट आठवत नाही. मीच मारलं असेल आईला."

बायको गेली होती. आता मुलगीही हातची जाते की काय, असं मला झालं.

मी संगमनेरला विमा कंपन्यांसाठी अपघाताच्या गाड्या तपासण्याचं काम करत आलो. ठोकलेल्या गाड्या बघण्यात माझं आयुष्य गेलं. पण ही गाडी बघायला मी गेलो नव्हतो. पाय उचलत नव्हते.

दुधाचा ग्लास तिथंच ठेवला, बॅटरी घेतली आणि निघालो.

२

गाडी पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात होती. हवालदार ओळखीचे. ते म्हणाले, "गुंजाळसाहेब, पंचनामा झालाय. ब्रेकचे पाइप तुटलेत, पण ते खाली पडताना. आता कशाला चिखलात लोळताय?"

"लोळू द्या. सवय आहे."

गाडीत विजयमालाची बाजू मी बघितली नाही. सरळ खाली शिरलो.

पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेकचे रबरी पाइप तुटले होते. तेवढं पंचनाम्यात बरोबर होतं. पण मी चाकांच्या आतल्या बाजूला बॅटरी मारली आणि तसाच पडून राहिलो.

गाडी झाडाला अडकल्यावर पाइप तुटला असता, तर ब्रेक ऑईल सरळ खाली ओघळलं असतं. इथं ते टायरच्या आतल्या बाजूला गोल उडालेलं होतं. फटकारे मारल्यासारखं, सगळीकडे सारखं. त्यावर धूळ बसून वाळली होती. चाक फिरत असतानाच असं होतं. म्हणजे पाइप आधी तुटले आणि गाडी मागून खाली गेली.

माझी मुलगी खरं बोलत होती.

चिखलात पडल्या पडल्या माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. हवालदार वाकून म्हणाले, "काय झालं? लागलं का?"

"नाही," मी म्हणालो. "अजून थोडा वेळ द्या."

एवढं कळून भागत नव्हतं. दोन्ही पाइप एकाच दिवशी का तुटले, हे सांगता आलं नाही, तर कोर्टात कुणीही म्हणेल की बाप मुलीला वाचवतोय. मी तुटके तुकडे जुळवून बघितले आणि मला दुसरा धक्का बसला. पाइप आखूड होते.

इथं थोडं सांगावं लागेल. विजयमाला सरकारी नर्स होती. रिटायर झाल्यावरही अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या वाड्यांवर बाळंतिणींना बघायला जायची. उंबरेवाडीआधी एक ओहळ आहे. तिथं आमच्या गाडीचं पोट दगडाला घासायचं. गाडीची चारही चाकं ओढायची, ताकदीचा प्रश्न नव्हता. उंचीचा होता. म्हणून नगरच्या एका गॅरेजमध्ये आम्ही ती दोन इंच उंच करून घेतली. गाडी अशी उंच केली, की खड्ड्यात चाक लोंबकळताना आधीपेक्षा जास्त खाली जातं. मग ब्रेकचा मूळ पाइप पुरत नाही. तो लांब घालावा लागतो. आम्ही लांब घातले होते. मी स्वतः बघितले होते.

आणि आता गाडीला कंपनीचे मूळ, आखूड पाइप होते.

डिकी उघडली. मागे एक गोणपाटाची पिशवी होती. गॅरेजवाल्यानं काढलेले जुने पार्ट त्यात बांधून दिले होते. नवा पार्ट घातला की जुना गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, ही आपल्याकडची रीत. पिशवीत जुने पाइप नव्हते. तिथं लांबवाले होते, दोन्ही. एक कुरतडलेला होता, उंदराच्या दातांच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. दुसरा अगदी चांगला होता.

कुणीतरी आमच्या गाडीचे लांब पाइप काढून जुने बसवले होते. आणि मला घरात कुणी सांगितलं नव्हतं.

३

गॅरेजवाला अनीश इंजिनिअरिंग शिकलेला पोरगा. नगरच्या एमआयडीसीत शेड आहे. डोंगरात गाड्या नेणाऱ्यांची तिथं गर्दी असते. मी पाइपचे तुकडे त्याच्या टेबलावर ठेवले, तसा त्याचा चेहरा उतरला.

"काका, हे मी बसवलेले नाहीत. मी लांबवाले दिले होते."

"दिले होतेस. नंतर सर्व्हिसिंगला गाडी तुझ्याकडेच आली. तेव्हा बदललेस का?"

"कशाला बदलू? आणि बदलले तरी मला दिसलं असतं." त्यानं मला हाताला धरून आत नेलं. दोन खांबांच्या लिफ्टवर एक गाडी वर उचललेली होती. चाकं खाली लोंबत होती. "हे बघा. माझ्याकडे प्रत्येक गाडी अशी वर जाते. उंच केलेल्या गाडीला आखूड पाइप असला, तर इथं तो तारेसारखा ताणलेला दिसेल. पोरांच्या डोळ्यात खुपेल. तुम्हीही उभे होतात की, काकूंबरोबर."

उभा होतो. विजयमालाच निवड करत होती. मोठे टायर घालायचे तर ते आत घासतात, नुसती स्प्रिंग बदलली तर गाडी कडक होते, आणि साठ्यावर, म्हणजे चासीवर, ठोकळे घालून वरचा सांगाडा उचलण्याची तऱ्हा आमच्या गाडीला चालतच नाही, कारण तिला वेगळा साठा नाही. राहिला स्पेसर. म्हणजे शॉकअपच्या डोक्यावर घालायची जाड चकती. अनीश मला हे समजावत होता, तर ती मध्येच म्हणाली होती, "मला एवढंच सांग भाऊ, उशिरा निरोप आला तरी मी वाडीत पोचीन ना?"

"काकू कशा बोलायच्या हो," अनीश म्हणाला.

मी म्हणालो, "मग लिफ्ट नसलेल्या कुणीतरी बदललेत."

"जॅक लावला तरी कळेल काका. गाडीच्या अंगाला जॅक लावा, वर उचला. चाक लोंबणारच. पाइप बसणारच नाही."

त्याचं बरोबर होतं. आणि तरीही पाइप बसवले गेले होते. मी परत पोलीस ठाण्यात गेलो, पुन्हा खाली शिरलो. यावेळी पाइप नाही, जॅक कुठं लावला ते शोधत होतो. गाडीच्या अंगाखाली, जिथं जॅक लावतात, तिथं जुनी धूळ तशीच होती. पण चाकाला धरून ठेवणारी जी खालची लोखंडी भुजा असते, लोअर आर्म, तिच्यावर ताजी गोल खूण होती. बाटलीसारख्या छोट्या जॅकचं दातेरी डोकं रुतलेलं. डावीकडेही, उजवीकडेही.

मला सगळं समजलं. फक्त नाव कळायचं राहिलं होतं.

४

जॅक त्या आर्मखाली लावला, की चाक लोंबत नाही. वरच दाबलेलं राहतं. आखूड पाइपही मग व्यवस्थित बसतो, सैल दिसतो. गाडी खाली घ्या, ब्रेक दाबा, सगळं ठीक. चाक पहिल्यांदा लोंबणार ते ओहळात.

पण आर्मखाली जॅक कोण लावतो? ज्याचा जॅक गाडीच्या अंगापर्यंत पोचत नाही तो. आमची गाडी उंच केलेली. छोटा जॅक पुरणार नाही. म्हणजे साधं हत्यार असलेला माणूस. आणि पाइप उंदरानं कुरतडला होता. इंजिनाच्या कोपऱ्यात मला भाताच्या पेंढ्याच्या काड्या सापडल्या. संगमनेरात आमच्या दारी भाताचा पेंढा कुठला? गाडी वाडीत मुक्कामाला होती. पेंढ्याच्या गंजीजवळ.

अपघाताआधी विजयमाला वाडीत मुक्कामाला गेली होती ती एकदाच. तेव्हा गाडी आक्काबाईचा मुलगा ज्ञानेश्वर चालवत होता.

मी आक्काबाईच्या घरी गेलो. ज्ञानेश्वर ओट्यावर मोबाईल बघत बसला होता. मला बघून उठला.

"ज्ञाना, मामीबरोबर गेलास तेव्हा गाडीचं काही काम निघालं होतं का?"

"नाही मामा. कसलं काम?"

"ब्रेकचं."

"नाही नाही. गाडी एकदम ओके होती."

आक्काबाई आतून आली. "आता माझ्या लेकावर ढकलतूस व्हय रं? सोताच्या पोरीची चूक झाकायला?"

"आक्का, मी त्याला विचारतोय. तुला नाही."

"मी आई हाय त्याची!"

"रेश्माला आई नाही," मी म्हणालो. "म्हणून मी आलोय."

मी ज्ञानेश्वरापुढे कुरतडलेला पाइप धरला. तो त्याच्याकडे बघत राहिला. मग मोबाईल खिशात टाकला.

"मामीनं शपथ घातली होती," तो म्हणाला. "सकाळी निघालो तर चाकाजवळ ऑईल गळत होतं. हळूहळू खाली आणली गाडी. घाटाच्या पायथ्याला एक जण जीपा दुरुस्त करतो. त्यानं करून दिलं. मामी म्हणाली, मामांना सांगू नकोस. ते आधीच म्हणतात, आता वाड्या बंद कर, वय झालं. ब्रेकचं कळलं तर गाडीच विकतील."

"आणि ती गेल्यावर?"

"गेल्यावर... मला वाटलं, मामी गेली, तिचं एवढं तरी पाळावं. आणि मला ब्रेकचं काय कळतंय? मला खरंच वाटलं रेश्माताईचंच चुकलं."

आक्काबाईनं त्याच्या पाठीत एक धपका घातला. जोरात. मग पदर तोंडाला लावून आत गेली. मागं वळून माझ्याकडे बघितलं नाही.

विजयमालानं मला सांगितलं असतं, तर मी गाडीखाली एकदा वाकलो असतो. एकदा वाकलो असतो तरी पुरे होतं. हे मी कुणाला बोललो नाही. त्या पोराला तर नाहीच.

५

घाटाच्या पायथ्याला पत्र्याच्या शेडमध्ये जीपा दुरुस्त करणारा कारभारी बसला होता. पन्नाशीचा माणूस. समोर ट्रॅक्टरचं चाक उघडलेलं. मी नाव सांगितलं, तसा तो हातातला पाना खाली ठेवून उभा राहिला.

"सिस्टरबाईंचे मालक तुमी?"

"हो."

"बसा." त्यानं स्टूल पुसलं. मी बसलो नाही. "माझी दोन्ही पोरं त्यांच्याच हातची. धाकटा तर पायाळू हुता. बाई नसत्या तर..." तो थांबला. "दहाव्याला येनार हुतो. धाडस न्हाई झालं."

"का नाही झालं?"

"त्या गाडीचं ब्रेकचं काम मीच केलं हुतं." मी खिशातून तुकडे काढले. त्यानं ते हातात घेतले, टोकं फिरवून बघितली. ज्या जागी पाइप पितळी तोंडातून उपटून आला होता, तिथं त्याचा अंगठा थांबला.

"हे वडून तुटलंय," तो म्हणाला. "दगड लागून न्हाई."

"ओढून. चाक ओहळात लोंबलं तेव्हा. तू जॅक कुठं लावला होतास?"

"आर्मखाली. गाडी लई उच, माझा जॅक बाडीला पुरंना." एवढं बोलला आणि त्याच्या लक्षात आलं. त्यानं स्वतःचा हात पुढे केला, आडवा धरला, दुसऱ्या हातानं खालून वर दाबला. मग सोडून दिला. हात खाली पडला. तो त्या हाताकडे बघत राहिला.

"चाक वर हुतं," तो हळू म्हणाला. "म्हनून बसला. म्हनून मला सैल दिसला. आरं देवा."

"पाइप जुने कुणी दिले?"

"बाईंनीच. मी म्हनलं, नवा संगमनेरहून मागवतो, उद्या या. त्या म्हनल्या, डिकीत हायेत की, कंपनीचेच हायेत, घाल. त्यांना पुढं अजून एक बाळंतीन बघायची हुती."

"कुरतडलेला एकच होता. दुसरा का काढलास?"

तो माझ्याकडे असं बघायला लागला, जणू मी काही भलतंच विचारतोय. "ब्रेकचं काम जोडीनंच करत्यात साहेब. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरं, असं ठिवलं तर गाडी वडती. बापानं शिकवलंय. मी कुनाचं एका बाजूचं करत न्हाई. कदी न्हाई."

मी स्टुलावर बसलो.

त्यानं हयगय केली असती, एकच बदलला असता, तर तुटताना एकच तुटला असता. आमच्या गाडीत पुढचं एक चाक आणि मागचं विरुद्ध बाजूचं चाक मिळून ब्रेकचा एक भाग चालतो, उरलेली दोन मिळून दुसरा. एक गेला तरी दुसरा राहतो. पेडल खोल जातं, पण गाडी सावकाश थांबते. त्यानं मन लावून काम केलं, दोन्ही बाजू सारख्या केल्या आणि दोन्ही भाग गेले. अपघाताच्या दिवशी चढताना ओहळात पाइप ताणले. उतरताना त्याच ओहळात उपटले. पुढच्या वळणावर रेश्मानं ब्रेक दाबला, तेव्हा दाबायला काही उरलंच नव्हतं.

मी रागानं आलो होतो. वाटेत बोलायचं ठरवून आलो होतो. त्यातलं एकही वाक्य मला आठवेना.

"कारभारी, मी हे लिहून पोलिसांना देणार. मुलीवर गुन्हा आहे. तुझं नाव त्यात येईल."

"येऊ द्या."

"तुझ्यावर कारवाई होईल. धंद्यावर परिणाम होईल."

"मी येतो तुमच्यासंगं. आत्ताच येतो." त्यानं हात धुवायला पाणी घेतलं. काळं ऑईल निघेना, तरी तो धूत राहिला. "पोरीला म्हनावं..." तो म्हणाला. मग पुन्हा हात चोळायला लागला.

६

कारभारीचा जबाब झाला. अनीशनं गाडी लिफ्टवर घेतली, मूळ मापाचा पाइप लावून ठाण्यातल्या साहेबांना दाखवला. चाक लोंबताच तो ताणून तुटायला आला. साहेब म्हणाले, मुलीवरचा गुन्हा मागे घेण्यासाठी कोर्टात अहवाल पाठवतो. कारभारीचं पुढं काय ते कोर्ट ठरवेल.

मी घरी आलो. रेश्मा माजघरात बसली होती, मोडका हात मांडीवर. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. उंदराचं, पेंढ्याचं, जॅकचं. ज्ञानेश्वराला घातलेल्या शपथेचं. जुने पाइप आईनंच बसवायला लावले हेही सांगितलं. ते लपवावं असं वाटेत वाटलं होतं. पण लपवलं असतं तर तिला पुन्हा कुणीतरी काहीतरी म्हणालं असतं, आणि तिचा पुन्हा त्यावर विश्वास बसला असता.

"तू ब्रेक दाबला होतास, रेश्मा. चाकं साक्षीला आहेत."

मला वाटलं तिला सुटल्यासारखं होईल. पण ती म्हणाली, "आई काहीतरी बोलली होती, पप्पा."

"कधी?"

"गाडी अडकल्यावर. माणसं यायच्या आधी. तिला श्वास लागत होता. मी नुसती ओरडत होते, आई मी ब्रेक दाबला, मी ब्रेक दाबला. ती म्हणाली, 'हो गं, दाबलास. माझंच चुकलं.'"

"हे तू कुणालाच सांगितलं नाहीस?"

"कसं सांगू? मला वाटलं, मला बरं वाटावं म्हणून म्हणतेय. तिची सवयच तशी. आणि ती गेल्यावर मी लोकांना काय सांगायचं, की आई म्हणाली तिचं चुकलं? मेलेल्या आईवर ढकलतेय म्हणाले असते." तिचा आवाज फुटला. "ती खरंच सांगत होती, पप्पा. तिला कळलं होतं. तेवढ्यात कळलं होतं तिला. आणि मी तिला म्हणाले, तू गप्प बस, बोलू नकोस."

मी तिला जवळ घेतलं, मोडका हात सांभाळून.

विजयमाला आत्ता समोर असती, तर मी तिच्यावर फार ओरडलो असतो. का सांगितलं नाहीस, म्हणून. तीही ऐकून घेणारी नव्हती. दोघांचा आवाज शेजारी गेला असता. मग ती चूल पेटवायला गेली असती आणि मी ओट्यावर जाऊन बसलो असतो.

रेश्मा रडत होती. इतके दिवस ती स्वतःला दोष देऊन रडत होती. आज ती नुसती आईसाठी रडत होती. मी तिला थांबवलं नाही. मलाही कुणाबरोबर तरी रडायचं होतं.